शेवंती अकरा नंबरला लागते

वडगाव निंबाळकरच्या कचरूतात्या निगड्यांचा पाय मोडला, तेव्हा त्यांची शेवंती म्हैस व्यायला टेकली होती. सायकलवरून वैरणीचा भारा आणताना तात्या भाऱ्यासकट रस्त्याकडच्या चारीत पडले. भारा वर आणि तात्या खाली. बारामतीच्या डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि पाय उशीवर ठेवून पडून राहायला सांगितलं. दुखण्याचं तात्यांना फारसं काही नव्हतं. पण घर गावात, गोठा नीरा रस्त्याला, आणि मध्ये सगळं गाव. शेवंती डोळ्यांआड झाली आणि तात्यांचा जीव खालीवर व्हायला लागला.

शेवंती पहिलारू होती. इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या संभाजीरावांकडून तात्यांनी ती लहान वगार असतानाच आणलेली आणि स्वतःच्या हातानं वाढवलेली. आता ती व्यायची आणि आपण खाटेवर, हे त्यांना काही केल्या पटेना. दिवसभर ते बायकोला, म्हणजे केसरबाईला, नाहीतर सून प्रगतीला गोठ्याकडं पिटाळायचे. कास भरली का, शेपटी कुठल्या बाजूला धरलीय, डोळ्यांत पाणी आहे का. बघून येऊन सांगितलं की त्यांचा विश्वास बसायचा नाही, आणि दुसरीला पाठवायचे. एकदा दोघी रस्त्यात समोरासमोर भेटल्या, एक जाताना, एक येताना. तेव्हा केसरबाई तिथंच एका पायरीवर बसली आणि सुनेला म्हणाली की, आता मी तरी कुठं जात नाही, म्हशीलाच इकडं यायला सांग.

गोठ्याला पाठ लावून एक सिमेंटची खोली होती. तिच्यावर बोर्ड होता, ‘उजेड व्हिजन’. केबल टीव्ही, लग्नाचं शूटिंग आणि पडद्यावरच्या पळत्या जाहिराती, असा तिहेरी धंदा तिथं रविंद्र साळवे आणि त्याची बायको ज्योत्स्ना मिळून करायचे. रविंद्र आयटीआयला रेडिओ-टीव्ही शिकलेला. ज्योत्स्ना इंदापूरची, बारामतीत कॉम्प्युटरचा क्लास केलेली, आणि पडद्याच्या तळाशी मराठी अक्षरं पळवण्यात तिचा हात धरणारा त्या वेळी तालुक्यात कोणी नव्हता. एप्रिलात जयंतीच्या मिरवणुका, मेमध्ये लग्नं, असं त्यांचं चालायचं. लग्नात जेवणाच्या मांडवात टीव्ही लावून स्टेजवरचं जसंच्या तसं दाखवायचं, ही त्यांची खास वस्तू होती. पंगतीतली माणसं जिलेबी खाताखाता टीव्हीवरच अक्षता टाकायची. नंतर रविंद्र टीव्हीच्या मागच्या भोकांतून तांदूळ काढत बसायचा.

तो एक दिवस तात्यांच्या घरी केबलची वायर बघायला आला. तात्यांनी त्याला खाटेजवळ बसवून घेतलं आणि चहा मागवला.

मग म्हणाले, “लग्नात तू जेवणाऱ्याला नवरा-नवरी दावतोस. तसं मला हितं पडल्या जागी म्हस दाव.”

रविंद्र हसला. पण उठून जाताजाता त्याच्या लक्षात आलं की यात न जमण्यासारखं काही नाही. आषाढ लागलेला, लग्नं आटोपलेली, कॅमेरा कपाटात पडून होता. गोठ्यात कॅमेरा उभा करायचा, वायर भिंतीवरून आपल्याच ऑफिसात घ्यायची आणि चित्र केबलवर सोडायचं. केबल तात्यांच्या घरात होतीच. आठ नंबरवर गावाला सिनेमा आणि जाहिराती जायच्या, अकरा नंबर रिकामा होता.

ज्योत्स्नाला त्यानं हे सांगितलं, तेव्हा तिनं एकच शंका काढली की केबल सगळ्या गावात जाते, तर अकरा नंबर सगळ्या गावाला दिसणार.

“दिसू दे की,” रविंद्र म्हणाला. “म्हशीला कोण बघत बसतंय?”

दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या कोपऱ्यात, शेणापासून लांब, एका पोत्यावर कॅमेऱ्याचं स्टँड उभं राहिलं. तात्यांच्या टीव्हीवर आधी मुंग्या आल्या, मग भिंत आली, आणि मग डावीकडं तोंड करून रवंथ करणारी शेवंती आली. तात्यांनी मान पुढं काढून नीट बघितलं. मग त्यांनी प्रगतीला टीव्हीचा रंग वाढवायला सांगितला. तिनं वाढवला. म्हैस काळीच राहिली. पण तेवढ्यानं तात्यांचं समाधान झालं.

घरात शांतता झाली. केसरबाई त्या दुपारी पाय पसरून झोपली. मात्र तात्यांच्या घरी फोन होता, सोमेश्वरनगरला कारखान्यात असलेल्या मुलानं घेऊन दिलेला, आणि उजेड व्हिजनमध्येही फोन होता. आता तात्या ज्योत्स्नाला फोन करायला लागले. गव्हाणीत वैरण संपलीय. डाव्या शिंगावर माशी बसलीय. पहिल्या दिवशी ज्योत्स्ना खरंच उठून गेली आणि माशी हाकलून आली. तात्यांनी ते टीव्हीवर बघितलं आणि फोन करून तिचे आभार मानले.

अकरा नंबर गावात पहिल्यांदा धोंडाबाईला सापडला. धोंडाबाई तात्यांच्या आळीतली, एकटी राहणारी म्हातारी. तिच्या टीव्हीचं बटण कान पिळल्यासारखं फिरवावं लागायचं. देवाधर्माचं काहीतरी शोधताना ती शेवंतीपाशी येऊन थांबली. म्हैस दिसली म्हणजे आता गवळणी येणार, गवळणी आल्या की कृष्ण येणार, असा हिशोब करून ती भिंतीला टेकून बसली. संध्याकाळपर्यंत कृष्ण काही आला नाही. मध्ये एकदा केसरबाई येऊन शेण काढून गेली, तेव्हा धोंडाबाई चकित झाली. केसर टीव्हीत कामाला लागली आणि आपल्याला बोलली नाही, याचं तिला वाईटही वाटलं. रात्रीची भाकरी करायच्या आधी तिनं शेजारणींना सांगितलं की नवी मालिका लागलीय, फार हळू आहे, पण म्हशीचं काम चांगलं झालंय.

शेजारणींनी बघितलं. त्यांच्या नवऱ्यांनी बघितलं. कुणाची म्हैस हे ओळखायला वेळ लागला नाही, आणि एकदा ओळख पटल्यावर मग बघणं थांबेना. तसं पाहिलं तर पडद्यावर काहीच होत नव्हतं. शेवंती उभी असायची, नाहीतर बसलेली असायची. पण उभी असली की ती कधी बसेल याची उत्सुकता लागायची, आणि बसली की लोक म्हणायचे, बघा, बसली. पिठाच्या गिरणीत, एसटी स्टँडवर, दूध घालायच्या रांगेत तोच विषय. आज तिनं मान दोनदा मागं वळवली. आज पेंड खाल्ली नाही. कास उतरायला लागलीय, आज-उद्यात होतंय. छे, अजून आठवडा जातोय. वगार होणार की रेडा, यावर दोन तट पडले आणि चांगले बोलणारे लोक एकमेकांशी तोडून बोलायला लागले.

कॅमेऱ्याला आवाजही होता, हे केसरबाईला कुणी सांगितलं नव्हतं. तिला काम करताकरता शेवंतीशी बोलायची सवय होती. गव्हाणीत वैरण टाकताटाकता ती म्हणाली, “तुजं बरं हाय बाई. तुला नवरा न्हाय. माजा बघ, पाय मोडलाय तरी तोंड चालूच.” हे अख्ख्या गावानं ऐकलं. तात्यांनीही ऐकलं. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तात्या भिंतीकडं तोंड करून पडले होते आणि काही केल्या बोलेनात. तोंड चालू ठेवायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. केसरबाईला वाटलं, बरं वाटतंय वाटतं ह्यांना.

गाव सगळं म्हैस बघतंय, हे कळल्यावर तात्यांना आधी राग आला. नजर लागेल, असं त्यांचं म्हणणं. पहिलारू, त्यातून भरल्या दिवसांची, आणि एवढे डोळे. त्यांनी ज्योत्स्नाला फोन करून कॅमेरा बंद कर म्हणून सांगितलं. तिनं बंद केला. पडदा काळा झाल्यावर त्यांना शेवंती दिसेना, तेव्हा त्यांनी पुन्हा फोन करून चालू कर म्हणून सांगितलं, पण नजरेचं काहीतरी बघ म्हणाले. ज्योत्स्ना तशी या गोष्टी मानणारी नव्हती. पण कॉम्प्युटरवर चित्र काढायला तिला आवडायचं. तिनं पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात लिंबू आणि मिरच्या काढून लटकवल्या आणि डाव्या कोपऱ्यात एक काळी तीट लावली. लिंबू-मिरच्यांचं सगळ्यांनी कौतुक केलं. तिटेनं मात्र घोटाळा झाला. टीव्हीच्या काचेवर डाग पडला म्हणून बायकांनी पदरानं पुसून पाहिलं, राखेनं घासून पाहिलं, आणि मग एकेक जण रविंद्रकडं तक्रार घेऊन यायला लागला. शेवटी तीट काढून टाकावी लागली.

पळत्या जाहिराती आठ नंबरला कुणी मागत नव्हतं. आता सगळ्यांना अकरा नंबरला हव्या झाल्या. शेवंतीच्या पायांखालून दिवसभर अक्षरं धावायला लागली. पशुखाद्यवाल्याच्या शुभेच्छा, पिठाच्या गिरणीच्या शुभेच्छा, एका पतसंस्थेच्या सर्व संचालकांच्या शुभेच्छा. कुणाला वाढदिवसाच्या, कुणाला बारावी पास झाल्याच्या. ज्योत्स्ना टाईप करून दमली. ती रविंद्रला म्हणाली की, आपण एवढं शिकलो, एवढी यंत्रं आणली, आणि आपलं नशीब बघ कुणाच्या शेणावर उघडलं.

सूरज नावाचा एक उत्साही दुकानदार होता. मिक्सर, पंखे, इस्त्र्या विकायचा. त्याला तळातली अक्षरं पटेनात. तळाला कोण बघतंय, लोक म्हैस बघतात, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. त्यानं एक पिवळी झूल शिवून आणली. तिच्यावर वरच्या ओळीत ‘हमखास टिकाऊ’ आणि खालच्या ओळीत मोठ्या लाल अक्षरांत ‘इस्त्री’ असं रंगवलेलं होतं. तात्यांना त्यानं फोनवरून गळ घातली. म्हशीला वारं लागू नये म्हणून झूल बरीच, असं तात्यांना वाटलं, आणि ती शेवंतीच्या पाठीवर चढली.

सकाळभर सगळं नीट चाललं. दुपारी शेवंतीनं मान वळवली आणि झुलीचा तोंडाकडचा खालचा कोपरा चघळायला घेतला. तिच्या तोंडाकडं ‘इ’ होता. गावानं तो जाताना बघितला. उरलेला मजकूर घेऊन शेवंती संध्याकाळपर्यंत उभी होती, आणि तोंड डावीकडं असल्यामुळं तो अगदी स्वच्छ वाचता येत होता. हमखास टिकाऊ स्त्री.

सूरज धावत आला, पण तोवर उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ आपल्या बिनलग्नाच्या मुलाला घेऊन दुकानात आले आणि बराच वेळ पंख्यांखाली घुटमळत राहिले. केसरबाईला वाचता येत नव्हतं. प्रगतीनं तिला मजकूर वाचून दाखवला आणि आता ती झूल ओढून काढणार म्हणून वाट बघत राहिली. केसरबाईनं शेवंतीकडं नीट बघितलं.

“खोटं काय लिवलंय त्यात?” ती म्हणाली, आणि वैरण टाकायला गेली.

बातमी कळंबला पोचली. संभाजीरावांना आपण विकलेली वगार टीव्हीत लागते हे कळलं, तेव्हा त्यांनी आधी आपल्या घरातल्या टीव्हीचे सगळे नंबर फिरवून पाहिले. तिथं ती दिसत नाही म्हटल्यावर त्यांच्या बायकोनं, आक्काबाईनं, वडगावला जायचं ठरवलं. लेक सासरी गरोदर आहे, दिवस भरलेत, आणि माहेरचं अजून कुणी फिरकलेलं नाही, हे बरं दिसत नाही, असं तिचं म्हणणं होतं. डोहाळजेवण सातव्या महिन्यात व्हायला हवं होतं, पण त्याचा दोष तिनं तात्यांवर ठेवला.

टेम्पो भरून माहेरची माणसं आली. हिरवं नऊवारी लुगडं, शिंगांत भरायला हिरव्या बांगड्या, फुलांच्या माळा, सरकीची ढेप, आणि कळंबचं बँजो पथक. वडगावच्या बायका दोन दिवस आधीपासून तयारीला लागल्या होत्या, कारण डोहाळजेवण अकरा नंबरला लागणार होतं. ज्यांच्या घरच्या डोहाळजेवणाला कुणी गेलं नव्हतं, त्याही आल्या. गोठ्यात सगळे मावणार नाहीत म्हणून रविंद्रनं अंगणात टेबलावर एक टीव्ही लावून ठेवला, जसा तो लग्नात लावायचा.

त्या दिवशी दुपारी गावात कुत्री सोडून कुणी राहिलं नव्हतं. घरी फक्त तात्या. प्रगती त्यांना पाणी, बिस्किटं आणि फोन हाताशी ठेवून, केसात गजरा माळून निघून गेली. टीव्हीत तात्यांना आधी पाठमोऱ्या बायका दिसल्या, मग बायकांनी कॅमेरा कुठं आहे ते ओळखलं आणि सगळ्या समोरून दिसायला लागल्या.

शेवंतीच्या अंगावर लुगडं पांघरलं. कपाळाला कुंकू लावलं. बांगड्या शिंगांत बसेनात म्हणून दोऱ्यानं बांधल्या. आक्काबाईनं ओटी भरायला नारळ आणि खण पुढं केला, पण ओटी कशात भरायची हा प्रश्न पडला, तेव्हा ती पाटीत भरली आणि पाटी गव्हाणीत ठेवली. खणावरचे तांदूळ शेवंतीनं खाल्ले. मग बर्फी की पेढा झाला. वाट्यांखाली एकेक झाकून तिच्यापुढं ठेवलं. तिनं एक वाटी तोंडानं उलटवली. खाली बर्फी निघाली, म्हणजे वगार. रेड्याच्या बाजूच्या लोकांनी हरकत घेतली की तिनं आधी दुसऱ्या वाटीचा वास घेतला होता. यावर बराच वाद झाला. सगळे आपापली बाजू कॅमेऱ्याकडं बघून मांडत होते, कारण गावाला कळायला पाहिजे; आणि गाव तर सगळं तिथंच होतं. बाहेर बँजोवाले जोरजोरात वाजवून हात धुऊन घेत होते.

तात्या एकटे घरात हे बघत होते. टीव्हीत पुढं माणसांची तोंडं, आणि माणसांच्या मधल्या फटीतून मागं हिरवं लुगडं. ते लुगडं एकदा खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. शेपटी उचलून एका बाजूला धरलेली दिसली. तात्या खाटेवर उठून बसले. शेवंतीनं पाठ आखडली. गोठ्यात तिच्यापासून हातभर अंतरावर पन्नासेक माणसं होती आणि त्यांतला एकही तिच्याकडं बघत नव्हता. सगळे कॅमेऱ्याकडं बघत होते. आक्काबाई उखाणा घेत होती.

तात्यांनी आधी टीव्हीलाच हाका मारल्या. मग खिडकीतून हाका मारल्या. मग फोन लावला.

उजेड व्हिजनमध्ये ज्योत्स्ना एकटी कॉम्प्युटरपाशी बसली होती. फोनवर तात्या होते. “पोरी, ती व्यायला लागलीय. सगळी तिच्याकडं पाठ करून हुभी हायती. कुणाला तरी सांग.”

ज्योत्स्ना उठली. दाराशी गेली तर दारात बँजो पथकाचा मोठा ढोल आणि त्यामागं माणसांची भिंत. खिडकीतून ती ओरडली, पण बँजोपुढं तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. अंगणातली माणसं तिला दिसत होती, आणि ती सगळी टेबलावरच्या टीव्हीकडं बघत होती. ती परत कॉम्प्युटरपाशी आली. पतसंस्थेच्या शुभेच्छा पुसल्या आणि मोठ्या अक्षरांत सोडलं, ‘शेवंती व्यायला लागली आहे. मागे बघा.’

अंगणातल्या लोकांनी वाचलं. सगळे एकदम मागं वळले आणि नीरा रस्त्याकडं बघायला लागले. रस्त्यावरून एक रिकामी बैलगाडी चालली होती. गाडीवानानं एवढी माणसं आपल्याकडं बघताना पाहून गाडी थांबवली आणि खाली उतरून चाक तपासलं.

ज्योत्स्नानं खिडकीतून हे पाहिलं. तिनं पुन्हा टाईप केलं, ‘तुमच्या मागे नाही. गोठ्यातल्या लोकांच्या मागे.’ हे वाचल्यावर अंगणातल्या लोकांनी विचार केला. गोठ्यातल्या लोकांच्या मागं काय असेल ते बघायला काही जण गोठ्याला वळसा घालून पलीकडच्या उकिरड्यावर गेले. तिथं एक कोंबडी होती. घरून तात्या फोनवर हे सगळं ऐकत होते, कारण ज्योत्स्नानं फोन तसाच टेबलावर ठेवला होता आणि ती जे टाईप करायची ते मोठ्यानं म्हणायची. तिसऱ्या वेळी तिनं फार विचार केला नाही. ‘केसरकाकू, म्हशीकडे बघा,’ असं लिहिलं.

केसरबाईला वाचता येत नव्हतं. पण अंगणातल्या बऱ्याच जणांना येत होतं, आणि आपलं माणूस टीव्हीत नावानं लागलं की ते सांगायला माणूस थांबत नाही. धोंडाबाई पुढं होती. तिनं कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि गोठ्याच्या दारातून ओरडली, “केसर, तुजं नाव लागलंय. म्हशीकडं बघ म्हणत्यात.”

केसरबाई वळली. रेडकाचे पुढचे दोन पाय बाहेर आलेले होते.

मग जे झालं ते झपाट्यानं झालं. केसरबाईनं बँजो थांबवला, संभाजीरावांसकट सगळ्या पुरुषांना बाहेर काढलं, गरम पाणी मागवलं. आक्काबाई उखाणा अर्धा टाकून पदर खोचून शेजारी बसली. आता गावाला, अंगणात का होईना, ज्यासाठी इतके दिवस डोळ्यांत तेल घालून बसलो ते बघायला मिळणार होतं. सगळे टीव्हीभोवती सरकले. तेवढ्यात केसरबाईचं लक्ष कोपऱ्यात गेलं. ती उठली, शेवंतीच्या अंगावरचं हिरवं लुगडं काढलं आणि कॅमेऱ्यावर टाकलं.

“पहिली खेप हाय तिची,” असा तिचा आवाज आला. “बघायचं काय त्यात?”

पडदा हिरवा झाला. अंगणातल्या लोकांनी हिरव्या पडद्याकडं बघत नुसतं ऐकलं. हाताच्या अंतरावर गोठा होता, दार उघडं होतं, पण दाराकडं जायचं कुणाला सुचलं नाही. घरी तात्याही हिरवं लुगडं बघत होते. ज्या माणसामुळं हे सगळं झालं, त्याला शेवटी लुगड्याची किनार तेवढी दिसली.

ज्योत्स्ना खिडकीतून चढून बाहेर पडली, बघून आली, आणि खिडकीतूनच परत आत गेली. फोन उचलायच्या आधी तिनं सवयीनं टाईप केलं, ‘वगार झाली. दोघी खुशाल.’ अंगणात एकच गलका झाला. बर्फीवाल्यांनी पेढेवाल्यांना मिठ्या मारल्या. तात्यांनी ती बातमी पडद्यावरच वाचली. ज्योत्स्ना फोनवर आली तेव्हा त्यांनी विचारलं, शेवंतीची वार पडली का. पडली म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला आणि बिस्किटांचा पुडा फोडला.

दुसऱ्या दिवशी रविंद्रनं कॅमेरा काढून नेला. पण शेवंती दूध देईना. केसरबाईनं वगार पुढं आणली, पेंड ठेवली, पाठ खाजवली, गोड बोलून पाहिलं, वाकडं बोलून पाहिलं. शेवंती कॅमेरा होता त्या कोपऱ्याकडं बघून हंबरायची आणि पान्हा चोरायची. तिला कॅमेऱ्यावरच्या लाल दिव्याची सवय झाली होती. शेवटी केसरबाई उजेड व्हिजनच्या दारात जाऊन उभी राहिली. मागं आपण शेवंतीशी बोललेलं सगळ्या गावानं ऐकलं होतं हे तिला आता कळलेलं होतं, त्यामुळं ती जरा अवघडली होती.

“ते तुमचं डबडं आणून ठिवा,” ती ज्योत्स्नाला म्हणाली. “निस्तं ठिवा. गावात सोडू नका.”

कॅमेरा परत कोपऱ्यात आला. धारेच्या वेळेला तो चालू व्हायचा, आणि चित्र ऑफिसातल्या टीव्हीपर्यंतच यायचं. ज्योत्स्ना एकटी चहा घेत ते बघायची. आवाज मात्र तिनं बंद ठेवला होता. दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली, कॅमेरा लागायला लागला, तेव्हा रविंद्रनं एका विजेरीला लाल कागद लावून ती तिथं टांगली. शेवंतीनं ती चालवून घेतली.

गावाला बरेच दिवस चुकल्यासारखं वाटत होतं. लोक अकरा नंबर लावून निळा पडदा बघायचे आणि आशा नसताना थोडा वेळ थांबायचे. पण उजेड व्हिजनचं त्यामुळं भलं झालं. दूध संस्थेच्या लोकांनी रांगेपाशी एक टीव्ही टांगून मागितला, त्यावर दुधाची वेळ, डॉक्टर कधी येणार, पेंड कधी मिळणार हे पळायचं. मग तसाच एक सोमेश्वरनगरला गेला, एक कळंबला. तिथं मात्र ज्योत्स्नानं ‘मागे बघा’ असे शब्द कधी वापरले नाहीत.

त्याच्या आधीच, भाद्रपदात तात्यांचं प्लास्टर निघालं त्या दिवशी ते बारामतीहून सरळ गोठ्यावरच आले. काठी टेकत आत गेले. शेवंती उभी होती, शेजारी वगार. तात्या तिच्याकडं नुसते बघत राहिले. पुढून बघितलं, बाजूनं बघितलं.

“टीव्हीत मोटी दिसत हुती,” ते म्हणाले.

केसरबाई म्हणाली, “मग आता हिला लहान म्हणून परत कळंबला धाडायची का?”

तात्या पालथी बादली ओढून तिच्यावर बसले. वगार जवळ आली आणि त्यांच्या बऱ्या झालेल्या पायाला चाटायला लागली. जेवायची वेळ झाली तरी ते उठेनात, तेव्हा केसरबाईनं प्रगतीला सांगितलं की, ह्यांची भाकरी हितंच घेऊन ये.